दीडशे फूट विष्ठा

पेरूतल्या पिस्को बंदरासमोर चिंचा नावाची तीन खडकाळ बेटं आहेत. तिथे पाऊस जवळजवळ पडतच नाही, आणि भोवतीच्या थंड समुद्रात मासळीला तोटा नाही. पाणकावळे, पेलिकन यांची विष्ठा हजारो वर्षं तिथे साचत आणि वाळत राहिली. पावसाने धुपली नाही म्हणून तिच्यातलं नत्रही टिकलं. काही ठिकाणी हा थर तब्बल दीडशे फूट जाड होता.

हाच ग्वानो. शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का. चिंचाच्या उत्तम ग्वानोत १४ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे नत्राच्या हिशेबाने याचं एक पोतं शेणखताच्या पंचवीस-तीस पोत्यांना भारी!

१८४१ मध्ये ग्वानोची जहाजं इंग्लंडला लागली. १८५८ साली एकट्या ब्रिटनने तीन लाख टन माल उचलला. १८४० ते १८८० या चाळीस वर्षांत पेरूतून एक कोटी टनांहून जास्त ग्वानो बाहेर गेला. दहा टनी ट्रक एकामागे एक उभे केले, तर मुंबई-दिल्ली रस्ता सहा वेळा भरेल. अमेरिकेने तर १८५६ मध्ये कायदाच केला: आपल्या नागरिकाला ग्वानोचं बेवारशी बेट सापडलं, तर त्यावर देशाचा हक्क सांगता येईल.

पण हे सगळं खणलं कुणी? १८४९ ते १८७४ या काळात सुमारे नव्वद हजार चिनी मजूर करारावर पेरूत आणले गेले. बहुतेक ऊस-कापसाच्या मळ्यांवर गेले, काही हजार या बेटांवर. माणशी रोज चार-पाच टन खणायचा दंडक होता. पाच टन म्हणजे पन्नास किलोची शंभर पोती, तीही अमोनियाच्या डोळे जाळणाऱ्या धुळीत. कित्येकांनी कड्यावरून उड्या टाकून जीव दिला. टनांचे आकडे सांगताना ही माणसं वगळली, तर तो हिशेब मला खोटा वाटतो.

पेरूच्या तिजोरीत एका टप्प्याला ऐंशी टक्क्यांच्या घरात उत्पन्न ग्वानोचं होतं. १८५४ मध्ये गुलामगिरी बंद झाली तेव्हा मालकांना भरपाई याच पैशातून मिळाली. गुलामांना काहीच नाही. पुढच्या मालावर सरकार कर्जं काढत राहिलं. १८७०च्या दशकात चिंचा खरवडून संपली, आणि १८७६ मध्ये पेरूने परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले. तोवर पेरूच्याच तारापाका प्रांताच्या वाळवंटातल्या सोऱ्याने खताचा बाजार काबीज केला होता. १८७९ला सुरू झालेल्या युद्धात तो प्रांतही चिलीने घेतला.

१९०९ मध्ये पेरूने ग्वानोसाठी वेगळी कंपनी काढली, पक्ष्यांवर पहारे बसवले आणि बेटं आळीपाळीने खणायला सुरुवात केली. ग्वानो आजही निघतो, पूर्वीच्या मानाने अगदी थोडा, आणि तोही कुदळ-फावड्यानेच.