ऐकू येते, पण कळत नाही

वृद्धाश्रमात तपासणीसाठी जाऊ लागल्यापासून एक तक्रार मी वारंवार ऐकतो. ती म्हाताऱ्या माणसांची नसते, त्यांच्याविषयीची असते. "डॉक्टर, या आजींना भजन बरोबर ऐकू येतं. कामाचं तेवढं ऐकू येत नाही!" सांगणारी बाई हसते, आजूबाजूचे हसतात. आजीही हसतात, कारण सगळे हसत आहेत.

यात आजींची लबाडी काही नाही. आपल्या आतल्या कानात शंखासारखी वेटोळी नळी असते. त्या नळीत सुमारे 15 हजार सूक्ष्म केशपेशी असतात. नळीच्या सुरुवातीच्या पेशी बारीक, उंच आवाज टिपतात, तर आतल्या टोकाच्या पेशी जाड, खर्जातले आवाज. वयपरत्वे सुरुवातीच्या पेशी आधी निकामी होतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. 'आ', 'ओ' हे स्वर जाड असल्याने ऐकू येत राहतात. स, श, त, ख ही व्यंजने मात्र निसटतात. मग समोरचा 'ताट' म्हणाला, 'खाट' म्हणाला की 'पाट', हे कळत नाही. आवाज पोचतो, शब्द पोचत नाही. हरिपाठ मात्र लहानपणापासून तोंडपाठ असतो, तिथे शब्द कानाने पकडावे लागतच नाहीत. मुलाचे बोलणे समजते आणि सुनेचे समजत नाही, याचेही कारण बहुधा हेच असते. सुनेचा आवाज बारीक. त्यावरून किती घरांत भांडणे झाली असतील, कोण जाणे.

घरी निदान कुणीतरी तीनदा सांगते. वृद्धाश्रमात चाळीस माणसे एका पंगतीला. खाली फरशी, वर पत्रा, पंख्यांची घरघर, स्टीलच्या ताटांचा खणखणाट आणि कोपऱ्यात टीव्ही. त्या कल्लोळात शब्द वेचून काढणे फार थकवणारे असते. माणूस आधी नुसते "हो, हो" म्हणतो. कधीतरी भलतेच उत्तर जाते आणि हशा पिकतो. डोळ्यांना कमी दिसते त्याची आपण कीव करतो, कानांना कमी ऐकू येते त्याची थट्टा! मग ती व्यक्ती ताट खोलीत मागवू लागते. बाहेर चार जण बोलताना दिसले, की 'माझ्याबद्दलच चालले असेल' असे वाटू लागते. नोंदवहीत शेरा पडतो, 'विसरभोळ्या, चिडचिड्या'.

असाच शेरा असलेल्या एका निवृत्त शिक्षिकेला मी तपासले. दोन्ही कान घट्ट मळाने बंद होते. चार दिवस थेंब घालून मळ काढला. बहिरेपणा थोडा उरलाच, पण बाई व्यवस्थित उत्तरे देऊ लागल्या. म्हणून विसरभोळेपणाचा शिक्का मारण्याआधी कान पाहून घ्यावेत, असा माझा आग्रह असतो. कानात गरम तेल किंवा काडी मात्र घालू नये.

श्रवणयंत्राने बुद्धी शाबूत राहते का, असे पुष्कळ जण विचारतात. अमेरिकेत 70 ते 84 वयाच्या 977 लोकांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत सरसकट फरक दिसला नाही. ज्यांना मुळात धोका जास्त होता, त्यांच्यात मात्र घसरण जवळपास निम्म्याने कमी झाली.

आपल्याकडे खरी अडचण निराळीच आहे. मुलाने हौसेने आणलेले यंत्र कपाटात पडून असते. सेल संपलेला असतो किंवा नळीत मळ अडकलेला असतो, आणि थरथरत्या बोटांना तो बारीक सेल बसवता येत नाही. हे सेल हवेवर चालतात. वरचा कागद काढल्यावर मिनिटभर थांबून बसवावेत. कानामागच्या यंत्रातला सेल साधारण आठ-दहा दिवस टिकतो. आश्रमातल्या एका कर्मचाऱ्याकडे सगळ्यांची यंत्रे पाहण्याचे काम नेमून दिले, तर निम्मा प्रश्न सुटेल.

बोलणाऱ्यांनी ओरडू नये. ओरडण्याने शब्द आणखी फाटतात. समोर, उजेडात बसून, जरा सावकाश बोलावे. कळले नाही तर तोच शब्द न घोकता वाक्य बदलून सांगावे. जेवताना टीव्ही बंद ठेवावा आणि कमी ऐकणाऱ्याला भिंतीकडे पाठ करून कडेला बसवावे.

यंत्र घेण्यापूर्वी श्रवणचाचणी करून घ्यावी. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना 2017 साली आणि राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना 2024 साली सुरू झाली. श्रवणयंत्राचा समावेश दोन्हींत केलेला आहे. सध्याच्या अटी समाजकल्याण कार्यालयात विचाराव्यात.

एक गोष्ट वेगळी सांगतो. एखाद्या कानाने अचानक, रात्रीतून ऐकू येईनासे झाले, तर ते म्हातारपण समजू नये. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्यावे. या आजारात उपचाराचा उपयोग होतो तो मुख्यतः पहिल्या काही दिवसांतच.