कापडी पॅड आणि अंगणातली दोरी

८ मार्च २०१८ ला अस्मिता योजना सुरू झाली तेव्हा आठ पॅडचं पाकीट २४ रुपयांना आपल्यासारख्या बचतगटांनीच गावात विकलं. सोय झाली. पण वापरलेलं पॅड टाकायचं कुठं? त्यातलं प्लॅस्टिक उकिरड्यात कुजत नाही, शेणखताबरोबर रानात जातं. जाळलं तर घाण धूर.

मग कापडच बरं म्हटलं, की गटातली थोरली बाई म्हणते, “आम्ही तेच वापरलं, खाज सुटायची.” खरंय मावशी. पण कापड वाळवायचं कुठं? कडब्याच्या गंजीआड, नाहीतर साडीखाली. ते दमट राहायचं आणि तेच पुन्हा घ्यायचं. खाज त्या ओलाव्यानं.

पॅड घरी शिवता येतं. वर-खाली मऊ सुती कापड, आत सोलापुरी टॉवेलचे थर, पंखांना टिचबटण. आतले थर सुटे ठेवा, लवकर वाळतात. चार-सहा तासांनी बदला. आधी गार पाण्यात भिजवा, मग साबण. गरम पाण्यानं डाग पक्का बसतो.

टँकरची वाट बघायच्या दिवसांत धुणं होत नसेल, तर खुशाल पाकीट वापरा. ऊन मात्र धाराशिवला कधी कमी पडलंय? दोरी अंगणात बांधा, पॅड कडकडीत वाळवा.

आमच्या गटातल्या एकीनं टॉवेलाशेजारी पॅड वाळत घातले. सासूनं विचारलं, “हे गं काय?” तिनं सरळ सांगितलं. दुसऱ्या दिवशी सासूनंच ते उलटून घातले.