यंत्रांचा कंप आणि आपलें घर

शेजारच्या आवारांत नव्या इमारतीचा पाया घालूं लागले म्हणजे मांडणीवरचीं भांडीं किणकिणतात, खिडक्यांचीं तावदानें थरथरतात, आणि वडील मंडळींस चिंता वाटूं लागते कीं, आपल्या घरास तडे तर जाणार नाहींत ना? ही चिंता अनाठायीं नव्हे. परंतु नुसत्या भीतीनें तिचें निवारण होत नाहीं. यंत्र सुरू होण्यापूर्वींच त्याच्या कंपाचा अंदाज गणितानें बांधतां येतो. तो कसा, हें आम्ही वाचकांस थोडक्यांत सांगूं इच्छितों.

तळ्यांत खडा टाकला असतां लाटा पसरतात व दूर जातां जातां क्षीण होतात. जमिनीचेंही तसेंच आहे. यंत्राच्या धक्क्यानें मातीचे कण जागच्या जागीं हालतात. त्यांचा जास्तींत जास्त वेग सेकंदास किती मिलिमीटर, हें कंपाचें माप होय. अमेरिकेच्या सार्वजनिक वाहतूक खात्यानें २०१८ सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेंत अशीं मापें दिलीं आहेत. २५ फुटांवर रस्ता दाबणाऱ्या कंपक रुळाचें माप सुमारें ५.३, तर पायाचे खांब ठोकणाऱ्या घणाचें सुमारें १६ धरतात. अंतर जितके पट वाढेल त्या पटीचा घन करून वर्गमूळ काढावें, व त्यानें मूळ आंकड्यास भागावें. अंतर चौपट, म्हणजे १०० फूट झालें, तर ४ चा घन ६४, त्याचें वर्गमूळ ८; अर्थात् रुळाचा कंप अवघा ०.७ उरतो.

आतां हा आंकडा कशाशीं ताडावयाचा? घरांत बसलेल्या मनुष्यास ०.३ इतका कंपही जाणवूं शकतो. जर्मन मानकांत मात्र, कंपाचे ठोके संथ असतां, राहत्या घराच्या पायापाशीं ५ व जुन्या नाजूक वास्तूस ३ ही मर्यादा सांगितली आहे. तेव्हां भांडें वाजलें म्हणजे भिंत फाटली असें नव्हे. उलट, वरील घण नाजूक वास्तूपासून सुमारें ८० फूट तरी दूर असावा, असें याच गणितानें निघतें. विद्यार्थ्यांनीं तें स्वतः करून पाहावें.

हें झालें जमिनीचें गणित; घर कसें वागेल हें निराळें पाहावें लागतें. झोपाळ्यास त्याच्या लयींत हलके झोके दिले तरी तो उंच जातो. तद्वत् यंत्राचे ठोके व मजल्याची स्वाभाविक लय जुळली, तर पायापाशीं अल्प असलेला कंप वरच्या मजल्यावर वाढतो. म्हणून जाणते अभियंते यंत्राची गति बदलतात, अथवा खांब ठोकण्याऐवजीं जमिनींत भोंक पाडून त्यांत काँक्रीट ओततात.

तरीही अंदाज तो अंदाजच. माती, खडक व पाणी यांच्या भेदानें तो चुकूं शकतो. म्हणून काम चालू असतां शेजारच्या पायापाशीं कंपमापक ठेवावा व मर्यादा ओलांडतांच काम थांबवावें. मुंबईंत भुयारी मेट्रोचें काम चालू असतां २०१७ सालीं फोर्टांतील जे. एन. पेटिट संस्थेच्या जुन्या वास्तूच्या रक्षणाचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. अशा वेळीं जुना तडा कोणता व नवा कोणता, हें सांगणें कठीण पडतें. म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, शेजारीं काम निघण्यापूर्वींच घरांतील प्रत्येक तड्याचें छायाचित्र तारखेसह घेऊन ठेवावें. त्यायोगें घरांत राहणाऱ्यांवर अन्याय होणार नाहीं, आणि बांधणाऱ्यावर खोटा आळही येणार नाहीं.