शेगडीवरचे कबाब : आच सांभाळा

बकरी ईदला करमाळ्यात गच्चीवर शेगडी पेटली की कबाब वरून काळा अन् आतून कच्चा निघतो, ही तक्रार घरोघरी. बोलणी मसाल्याला बसतात, घाई मात्र आपलीच.

आपल्या भागातला वेड्या बाभळीचा कोळसा कडक. पेटायला वेळ घेतो, पण पेटला की आच बराच वेळ टिकते. ज्वाळा असताना शिगा ठेवू नका. निखाऱ्यांवर पांढरी राख चढू द्या, वीसेक मिनिटं जातात. मग एका बाजूला जास्त निखारे, दुसऱ्या बाजूला थोडेच. शिगेच्या उंचीवर तळहात धरून बघा: दोन-तीन सेकंदांत चटका बसला तर आच तेज, पाच-सहा सेकंद धरवला तर मध्यम. तेज बाजूला रंग आणायचा, मध्यम बाजूला आतपर्यंत शिजवायचं. चरबी टपकून भडका उडाला तर पाणी मारू नका, सगळी राख गोश्तावर बसते. शीग बाजूला सरकवा, बस्स.

पाऊस आला म्हणून शेगडी खोलीत मात्र आणू नका. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत माणूस झोपेतच दगावू शकतो. उरलेले निखारेही रात्रभर बाहेरच ठेवा, मुलांचा हात पोचणार नाही असे.