तळ्याची पाळ आणि घरची टाकी

गोंदिया जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात, आणि ते नाव त्याला शोभते. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी बाराशे ते तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो. अंगाला वैनगंगा आहे, बाघ आहे. नवेगावबांध, बोदलकसा, चोरखमारा यांसारखी जुनी तळी आहेत, इटियाडोहसारखे मोठे धरण आहे. श्रावणात बांध्यांमध्ये पाणी साचलेले असते आणि धानाच्या रोवणीने शिवार हिरवेगार होते. असे असूनही एप्रिल-मे उजाडला की विहिरींचा तळ दिसू लागतो आणि हातपंप दहा वेळा हापसावा तेव्हा कुठे धार लागते. पावसाळ्यात काठोकाठ भरलेले पाणी गेले कुठे? याचे उत्तर पावसात शोधून सापडत नाही. ते इथल्या जमिनीत आहे आणि आपल्या सवयीत आहे. पाणी मिळवणे हे एकदाचे काम आहे, ते टिकवणे हे रोजचे. आणि टिकवणे म्हणजे दुसरेतिसरे काही नसून देखभाल, एवढेच या लेखात मांडायचे आहे. घरापुरते बोलायचे तर पाण्याची बचत हा त्यागाचा विषय नाही. तो डागडुजीचा विषय आहे.

आधी जमिनीचे पाहू. जिल्ह्याच्या बऱ्याच भागात मातीखाली जुना, कठीण, स्फटिकी खडक आहे. अशा खडकात पाणी मावते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खालच्या भेगांमध्ये. वाळूच्या थरासारखी मोठी साठवण तिथे नसते. म्हणून दोन-चार जोरदार पावसांत विहीर भराभर चढते आणि उपसा वाढला की तितक्याच वेगाने उतरते. जमिनीखालचे रांजण लहान आहे, मग वरून कितीही ओतले तरी उरलेले नदीला जाणारच. इथल्या पूर्वजांना खडकाची शास्त्रीय नावे ठाऊक नसतील, पण हा स्वभाव त्यांनी पुरता ओळखला होता. म्हणूनच पाणी खाली मुरण्याची वाट न पाहता त्यांनी ते वर, तळ्यांत अडवले. चांद्याच्या गोंड राजांनी, जो तळे बांधील त्याला त्या तळ्याखाली भिजेल तेवढी जमीन द्यायची, असे धोरण ठेवले होते असे सांगतात. कोहळी समाजाने या कामात जे कसब कमावले, त्याची साक्ष भंडारा-गोंदियातील हजारो लहानमोठी तळी आजही देतात.

या तळ्यांचे पुढे काय झाले, हा आपल्या मुद्द्याचा सर्वांत मोठा पुरावा आहे. मातीची पाळ, पाणी सोडायचे तुडुम आणि जादा पाणी वाहून जायचा सांडवा, एवढाच तळ्याचा संसार. पण या तिन्हींकडे दरवर्षी पाहावे लागे. पाळीवर उंदीर-घुशींनी बिळे केली तर ती बुजवायची, तुडुमाचे तोंड घट्ट बसते की नाही ते बघायचे, सांडव्यात अडकलेला काडीकचरा काढायचा, उन्हाळ्यात गाळ उपसून शेतात टाकायचा. मालगुजाराच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराच्या, देखरेखीखाली आणि गावकऱ्यांच्या श्रमावर हे चाले. त्या व्यवस्थेत विषमता होती, वेठ होती, आणि १९५१ मध्ये मालगुजारी संपली हे योग्यच झाले. मात्र तळी सरकारजमा झाली तेव्हा पाण्याची मालकी बदलली आणि निगराणीचे काम नक्की कोणाचे, हे गावपातळीवर धूसर झाले. ज्यांना आज माजी मालगुजारी किंवा ‘मामा’ तलाव म्हणतात, त्यांतले कितीतरी गाळाने उथळ झाले, पाळी झिजल्या, तुडुमे गळू लागली. पाऊस तोच होता. घटली ती साठवण, कारण वर्षातून एकदा कुदळ-फावडे घेऊन पाळीवर जाणारा माणूस उरला नाही. पुढे गाळ काढण्याच्या आणि दुरुस्तीच्या सरकारी योजना आल्या, पण वर्षानुवर्षांच्या दुर्लक्षाची भरपाई एका योजनेने करणे किती महाग पडते, हेही त्यातून दिसले.

आता घराकडे वळू. घराची पाणीव्यवस्था हे छोटे तळेच आहे. छतावरची टाकी म्हणजे साठवण, नळ म्हणजे तुडुम, टाकीचा ओव्हरफ्लो पाइप म्हणजे सांडवा. बिघाडही त्याच जागी होतात. नळाच्या आतला वायसर झिजला की तोटी कितीही आवळली तरी टिपटिप थांबत नाही. चार हजार थेंबांचा एक लिटर धरला, तर सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला २१ लिटरांहून अधिक आणि वर्षाला जवळजवळ आठ हजार लिटर पाणी घालवतो. हिशेब पटत नसेल तर रात्री झोपताना नळाखाली बादली ठेवावी आणि सकाळी मापावी. जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी हे माप धरले आहे. म्हणजे एका थेंबाची ही गळती वर्षभरात एका माणसाचे जवळपास पाच महिन्यांचे पाणी खाते. वायसर मिळतो काही रुपयांना. बदलायला एक पाना आणि दहा मिनिटे पुरतात. तोटी जोर लावून आवळत राहिल्याने वायसर आणखी चिरडतो, म्हणून गळती दिसली की आवळणे थांबवून बदलणे हाच उपाय.

थेंब निदान ऐकू येतो. शौचालयाच्या फ्लशची गळती मुकी असते. टाकीच्या तळाचे रबर कडक झाले किंवा त्यावर क्षार बसले की पाण्याची बारीक चादर भांड्याच्या कडेने सतत उतरत राहते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. ती ओळखायची सोपी रीत आहे. फ्लशच्या टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकावा आणि वीस मिनिटे फ्लश ओढू नये. भांड्यात रंग उतरला तर रबर बदलायची वेळ झाली आहे. तसाच प्रकार वरच्या टाकीचा. बॉल कॉक अडकला किंवा मोटर बंद करायचे विसरले, की मिनिटाला तीस लिटर चढवणारी मोटर दहा मिनिटांत तीनशे लिटर पाणी गच्चीवर सांडते आणि सोबत विजेचे बिलही वाढवते. मीटर असलेल्या घरात सर्व नळ बंद करून रात्री आकडा लिहून ठेवावा आणि सकाळी, कुणी पाणी वापरण्यापूर्वी, पुन्हा पाहावा. आकडा सरकला असेल तर मीटरच्या पुढे कुठेतरी पाइप झिरपतो आहे. भिंतीवरचा न वाळणारा ओला डाग, फुगलेला पोपडा, उन्हाळ्यातही हिरवा राहिलेला अंगणाचा एखादा कोपरा, या खुणाही हेच सांगतात.

विदर्भातल्या घराचा एक वेगळा पाणीखर्च आहे, तो म्हणजे कूलर. पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा कूलर ही चैन नसते. म्हातारी माणसे आणि तान्ही बाळे असलेल्या घरात ती गरज असते. तेव्हा कूलर बंद करा, असे सांगण्यात अर्थ नाही. पण कूलर पाणी घालवतो ते फक्त बाष्पीभवनाने नव्हे. मागच्या वर्षीच्या ताट्यांवर क्षारांचा पांढरा थर जमून त्या दगडासारख्या झालेल्या असतात. पाणी त्यांच्यात भिनत नाही, कडेने ओघळून जाते आणि हवा काही गार होत नाही. मग माणूस पंपाचे पाणी वाढवतो. टाकीचा तळ गंजून बारीक छिद्र पडलेले असते, फ्लोट अडकून पाणी रात्रभर अंगणात वाहत असते. हंगामाआधी ताट्या बदलणे, पंपाची जाळी साफ करणे, गंजलेला तळ बुजवून रंगवणे, एवढे केले तर कमी पाण्यात जास्त गारवा मिळतो. शिवाय कूलरचे स्थिर, स्वच्छ पाणी हे डेंग्यूच्या डासाचे आवडते घर आहे. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून, घासून कोरडी करणे हा आरोग्याचाही भाग आहे, आणि ते काढलेले पाणी परसबागेला चालते.

गळती थांबवणे ही अर्धी बाजू झाली. दुसरी अर्धी छतावर आहे. पन्नास चौरस मीटरच्या छतावर बाराशे मिलिमीटर पाऊस म्हणजे साठ हजार लिटर पाणी. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी अठ्ठेचाळीस हजार लिटर उरते. पाच माणसांच्या घराला रोज २७५ लिटर धरले, तर हे पाणी १७४ दिवसांचे झाले. एवढे साठवायला जागा कुणाकडे नसते, हे खरे. पण पावसाळ्याचे चार महिने धुणी-भांडी, शौचालय आणि झाडे यांपुरते छताचे पाणी वापरले, तर तेवढ्या काळाचा उपसा आणि वीज वाचते. आणि इथेही पुन्हा देखभालच आडवी येते. कवेलूचे घर असेल तर मृग लागण्यापूर्वी कवेलू फेरून घ्यावे लागतात. स्लॅब असेल तर नाल्यातला पाचोळा काढावा लागतो. पन्हळीला छिद्र असेल तर पाणी टाकीत न जाता पायाशी मुरते आणि भिंत पोखरते. पहिल्या एक-दोन सरींचे धूळ-विष्ठेने गढूळ झालेले पाणी वाहू द्यावे आणि मगच पाइप टाकीकडे वळवावा.

यावर तीन आक्षेप घेतले जातात, आणि तिन्हींत तथ्य आहे. पहिला असा की पाणी खाते ते धान, विशेषतः उन्हाळी धान. घरातल्या नळाने काय फरक पडणार? आकड्यांनी पाहिले तर हे बरोबर आहे, आणि उन्हाळी धानाचा प्रश्न स्वतंत्रपणे सोडवावाच लागेल. परंतु घरात येणारे पाणी हे शेतातल्या पाण्यासारखे नसते. ते उपसलेले, शुद्ध केलेले, नळातून पोचवलेले आणि मोटरने वर चढवलेले असते. प्रत्येक लिटरमागे वीज आणि पैसा लागलेला असतो. शिवाय मे महिन्यात गावाच्या एकाच विहिरीवर सगळ्यांचा डोळा असतो, तेव्हा एका घराचे सांडणे म्हणजे शेजारच्या घराची रिकामी घागर. दुसरा आक्षेप, सांडलेले पाणी जमिनीतच मुरते, मग ते वाया कसे? काही मुरते हे खरे. पण मोरीचे पाणी शुद्ध होऊन विहिरीत परत यायला वेळ लागतो, उन्हाळ्यात बरेचसे वरच्या मातीतूनच उडून जाते, आणि जे अंगणात साचते ते डासांना निमंत्रण देते. त्याला वर चढवायला लागलेली वीज तर कधीच परत येत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: सार्वजनिक जलवाहिन्यांतून एवढे पाणी गळत असताना नागरिकाला वायसरचे धडे का द्यायचे? जलवाहिनीची गळती रोखणे हे यंत्रणेचे काम आहे आणि त्याचा जाब विचारलाच पाहिजे. मात्र जाब विचारणारा माणूस स्वतःच्या मीटरचा आकडा वाचणारा असला, तर त्याच्या बोलण्याला वजन येते. गळती कुठे, किती, कधीपासून हे तो नेमके सांगू शकतो. मामा तलावांच्या इतिहासातून हाच धडा मिळतो. यंत्रणा आणि गाव या दोघांनीही पाळीकडे पाहणे सोडले तेव्हा तळे उथळ झाले. एकाने सोडले म्हणून दुसऱ्यानेही सोडावे, हा मार्ग तळे वाचवणारा नव्हता.

म्हणून घराच्या पाण्यालाही तळ्यासारखे वर्षाचे वेळापत्रक हवे. होळीनंतर कूलर आणि टाकीचा तळ. मृगाआधी छत, पन्हळी आणि नाल्या. दिवाळीच्या साफसफाईत नळ, फ्लश आणि मीटर. तीन सुट्ट्यांच्या सकाळी पुरतील एवढे हे काम आहे. घरातल्या एकाने ते आपले म्हणून अंगावर घ्यावे आणि मुलांना सोबत घ्यावे, म्हणजे पाना कसा धरतात हे त्यांनाही कळेल. नवेगावबांधची पाळ इतक्या पिढ्या उभी राहिली ती बांधणाऱ्यांच्या कसबामुळे, तशीच तिच्यावर दर उन्हाळ्यात माती टाकणाऱ्या हातांमुळेही. त्या हातांची नावे कुठे लिहिलेली नाहीत. तळ्यात पाणी आहे, हीच त्यांची नोंद.