काँक्रीटमध्ये वाळूऐवजी लाकडाचा भुसा

गोठा अथवा कोंबड्यांचे घर बांधू इच्छिणाऱ्या शेतकऱ्यास वाळू मिळविणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ सालच्या निर्णयानंतर लहान क्षेत्रातील वाळू उपशासही पर्यावरणविषयक परवानगी आवश्यक ठरली. याउलट, लाकूड कापण्याच्या गिरणीबाहेर भुशाचे ढीग पडून असतात. थोड्या वाळूच्या जागी हा भुसा वापरता येतो. परंतु तो कोठे वापरावा व कोठे मुळीच वापरू नये, हे आधी समजून घ्यावयास हवे.

लाकडातील शर्करा व टॅनिन ही द्रव्ये पाण्यात उतरतात आणि सिमेंटला घट्ट होऊ देत नाहीत. ५० किलोच्या पोत्यामागे अवघी ५० ग्रॅम साखर मिसळली तरी सिमेंट आळण्यास कित्येक तास अधिक लागतात, यावरून या दोषाची कल्पना यावी. ज्यापासून कात काढतात त्या खैराचा भुसा तर टाळावाच. शिवाय भुसा पाणी पिऊन फुगतो व वाळला म्हणजे आकसतो. त्याचे प्रमाण वाढेल तसतशी काँक्रीटची मजबुती घटत जाते.

म्हणून भुसा चाळून रात्रभर पाण्यात भिजवावा आणि पाण्याचा तांबूस रंग जाईपर्यंत पुन्हा पुन्हा धुवावा. तो निथळून, पण ओलसर असतानाच मिसळावा. कोरडा भुसा सिमेंटच्या वाट्याचे पाणी शोषून घेतो. माप घमेल्यानेच करावे, वजनाने नव्हे, कारण भुसा वाळूच्या मानाने फारच हलका असतो. दहा घमेली वाळूपैकी एक घमेले भुसा, याहून पुढे जाऊ नये.

असे काँक्रीट भार न पेलणाऱ्या आडभिंतींच्या ठोकळ्यांसाठी योग्य होय. ते थोडे हलके असते. पाया, खांब, तुळया, स्लॅब आणि पाण्याची टाकी यांत भुशाचा कणही जाऊ देऊ नये. तेथे वाचलेली वाळू माणसांच्या व जनावरांच्या जिवावर बेतू शकते. सदैव ओल्या राहणाऱ्या गोठ्याच्या नालीसही ते निरुपयोगी. सिमेंट लवकर आळावे म्हणून कॅल्शियम क्लोराइड घालण्याचा सल्ला कोणी दिल्यास, त्याने लोखंडी सळ्या गंजतात हे ध्यानी ठेवावे.

काम सुरू करण्यापूर्वी एक सोपी परीक्षा करावी. सिमेंटच्या दोन वड्या थापाव्यात. एक साध्या पाण्यात कालवून व दुसरी धुतलेला भुसा रात्रभर ठेवलेल्या पाण्यात. दुसऱ्या दिवशी दुसरी वडी नखाने उकरली जात असेल, तर तो भुसा गुरांखाली अंथरावा.