कल्याण लोकलमधले कालप्रवासी

कल्याणहून सीएसएमटीला रोज ये-जा करणारा चाकरमानी निवृत्त होतो, तेव्हा तो फलाटावरच्या वडापाववाल्यापेक्षा किंचित कमी म्हातारा झालेला असतो. आईन्स्टाईनने 1905 साली सांगून ठेवलंय की, पळत्या घड्याळाचा काळ जरा सावकाश सरतो. रोज तीन तास, सरासरी ताशी 36 किलोमीटर, वर्षाला 300 दिवस, 30 वर्षं नोकरी असा हिशेब मांडला, तर वाचतात सुमारे 54 नॅनोसेकंद. म्हणजे सेकंदाचा जेमतेम दोन कोटीवा भाग! ठाण्याला चढणाऱ्याच्या पदरात त्याहून कमी. एवढ्यावर विंडो सीट काही मिळत नाही.

रशियाचा अंतराळवीर सेर्गेई क्रिकालेव्ह सहा मोहिमांत मिळून 803 दिवस अवकाशात राहिला आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढा भविष्यात पोहोचला. यान प्रकाशाच्या 99.5 टक्के वेगाने गेलं, तर मात्र आतल्या एका वर्षात पृथ्वीवर दहा वर्षं उलटतील.

पोहोचल्यावर ओळख कोण देणार, हा पुढचा प्रश्न. एप्रिल 1958 च्या ‘अॅडव्हेंचर कॉमिक्स’मध्ये ऑटो बाइंडरने तो मजेत हाताळला. तिसाव्या शतकातली तीन मुलं सुपरबॉयला आपल्या काळात घेऊन जातात. त्याचे पराक्रम त्यांना इतिहासातून ठाऊक आहेत, पण त्यांच्या सुपरहिरोंच्या मंडळात घ्यायचं तर परीक्षा द्यावीच लागेल! दर वेळी मधेच कुणाला तरी वाचवायला धावावं लागतं, म्हणून बिचारा हरतो आणि वर टोमणे ऐकतो. शेवटी कळतं की, ही सगळी त्यांनीच केलेली गंमत होती. अंगात बळ किती, यापेक्षा हरल्यावर पोरगा कसा वागतो हे त्यांना बघायचं होतं. कॉमिकच्या मानाने हे बरंच शहाणपणाचं.

आपल्या पुराणांत पारडं उलटं झुकतं. राजा ककुद्मी मुलगी रेवतीला घेऊन, तिच्यासाठी वर विचारायला ब्रह्मलोकी जातो, तिथलं गाणं संपेपर्यंत थांबतो, आणि तेवढ्यात पृथ्वीवर 27 चतुर्युगं सरतात. त्याने मनात धरलेली स्थळं, त्यांची नातवंडं-पणतवंडं, सगळी केव्हाच गेलेली. परतल्यावर दिसतात ती खुजी, तेज ओसरलेली माणसं. रेवती त्यांच्यापुढे इतकी उंच, की विष्णुपुराणात तिचा नवरा झालेल्या बलरामाला नांगर लावून तिची उंची बेताची करावी लागते. इथे परीक्षा पाहुण्याची नाहीच. नव्या काळाचीच उंची कमी पडते.

कृष्णविवराजवळही काळ मंदावतो. ‘कृष्णविवर’ याच नावाची कथा जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली. 1965 मध्ये ऐन तरुणपणी पद्मभूषण मिळालेल्या या शास्त्रज्ञाचं नाव पाहूनच परीक्षक भारावले असते. म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरं उलटी फिरवली आणि कथेवर नाव घातलं नारायण विनायक जगताप. जगतापांना पहिलं बक्षीस मिळालं.